पाटावरच्या दोन डिस्क

२२ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी कपाटातल्या यंत्रातून टक टक असा आवाज आला. थोडा वेळ आला, मग थांबला. शेजारी पवित्रा पदराची नक्षी काढत बसली होती, तिला तो ऐकू आला नाही. मला आला, आणि त्यानंतर दिवसभर दुसरे काही ऐकू आले नाही.

ह्या यंत्रात हनुमंतरावमामांच्या डिझाइन केंद्राचे सर्वस्व आहे. कुंभकोणम् आणि आसपासच्या मागांवर विणल्या जाणाऱ्या रेशमी साड्यांचे काठ, पदर, बुट्टे आम्ही संगणकावर तयार करतो. विणकर ते पेनड्राइव्हवर नेतात आणि मागाच्या डोक्यावरचे यंत्र ते वाचून धागे उचलते. मामांच्या वडिलांनी चौकटीच्या कागदावर हाताने काढलेले काठसुद्धा ह्यातच आहेत. ते कागद वाळवीने खाल्ले. दुसरी प्रत एका छोट्या डिस्कवर होती. ती उन्हाळ्यात टेबलावरून पडली आणि पुन्हा चालली नाही. म्हणजे आज सगळे एकाच डिस्कवर आहे, आणि ती टक टक करते आहे.

हे सांभाळायला मी आहे. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षी सोडलेला. जे येते ते वाचून आणि घाबरत शिकलो.

ही वही मराठीत लिहितो, कारण केंद्रात मामांशिवाय कोणाला ती वाचता येणार नाही आणि मामा चष्मा नेहमी घरी विसरतात. देवनागरी मला आत्याने भजनाच्या पुस्तकावरून शिकवली. घरी बोलतो ती आमची जुनी तंजावरी मराठी, इथे लिहितो ती पुस्तकातली. शब्द अडला की कोश उघडतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

मामांनी काही न विचारता नवी डिस्क आणू दिली. जुन्या डिस्कच्याच कंपनीची, तेवढ्याच आकाराची, दिसायला अगदी जुळी.

आमची डिझाइन ज्यात राहतात ती वस्तू म्हणजे खरी डिस्क नव्हे. ती एक मानलेली पेटी आहे. पेटीखाली एक डिस्क असो की चार, वर काम करणाऱ्याला एकच पेटी दिसते. गंमत अशी की पेटी उघडी असताना, पवित्राचे त्यात काम चालू असताना, खालची मांडणी बदलता येते. आत्ता मांडणी एकेरी आहे. ती दुहेरी करायची, म्हणजे जे लिहिले जाईल ते दोन्ही डिस्कवर. दोन्ही सारख्या झाल्या की आजारी डिस्क सोडवून घ्यायची. मांडणी पुन्हा एकेरी होईल, पण नव्या डिस्कवर.

हे सगळे काळ्या पडद्यावर एका ओळीत होते:

lvconvert --type raid1 -m 1 pattu/design /dev/sdc

पट्टु म्हणजे तमिळमध्ये रेशीम. हे नाव माझ्या आधीच्या माणसाने ठेवलेले आहे. जुनी डिस्क पहिल्या खाचेत, तिचे नाव sdb. नवी दुसऱ्या खाचेत, ती sdc. ओळ लिहून झाल्यावर मी ती शुद्धलेखन तपासावे तशी अक्षर अक्षर वाचली. मग उलटी वाचली. मग पाणी पिऊन आलो.

गुरुमूर्ति दारात उभे होते. त्यांचे माग तिरुविडैमरुदूरला आहेत. तै महिन्यातल्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या, एका मोठ्या लग्नाच्या साड्या त्यांच्याकडे आहेत, आणि त्यासाठी मामांच्या वडिलांचा मयूर-काठ नव्याने बसवून हवा आहे. मी एंटरवर बोट ठेवून थांबलो होतो. ते मला तंबी म्हणतात, तमिळमध्ये धाकटा भाऊ. ते म्हणाले, "तंबी, ते बटण आहे, नवरीचा हात नाही. दाब."

दाबले. टक्के वर जाऊ लागले. मी शंभरापर्यंत जेवलो नाही. पवित्राने तिच्या डब्यातला लिंबूभात ठेवला होता, तो संध्याकाळी खाल्ला. तिला जास्त झाला असावा.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज आयुधपूजा. सकाळी यंत्र बंद केले. मी बाहेरचा डबा पुसून त्याला गंध लावत होतो, तेवढ्यात मामा आले. म्हणाले, "शामा, डबड्याला गंध लावून काय होतें? पोटांत बसून काम करतें तें बाहेर आण."

मी सांगितले की डिस्क काढू नयेत. ते म्हणाले, कात्रीला म्यानासकट गंध लावतोस कां? त्यांच्या वडिलांच्या वेळी मागाचा धोटा, लेखणी, कात्री, सगळे देवीपुढे उघडे ठेवत असत. ह्या घराला जे खायला घालते ते देवीला दिसलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. 

म्हणून दोन्ही डिस्क खाचांतून काढल्या. प्रत्येकीवर मी कागदी चिठ्ठी डकवली होती, एकीवर जुनी, एकीवर नवी. पंकजामामींनी दोन्ही ओल्या फडक्याने इतक्या प्रेमाने पुसल्या की चिठ्ठ्या फडक्याबरोबर गेल्या. पण कोणती कोणती हे मला अजून माहीत होते. मी स्वतः जुनी पाटावर डावीकडे आणि नवी उजवीकडे ठेवली आणि तेच डोक्यात पक्के केले. जोडणीच्या दातांवर कागद गुंडाळला, तिथे गंध जाऊ नये म्हणून.

मग फुले, पुस्तके, पवित्राची पेन, एक कात्री. कात्रीचे टोक देवीकडे होत होते, म्हणून मामींनी पाट अर्धा फिरवून घेतला. आरती झाली. सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, छान होते. आज रात्रभर कोणी कशाला हात लावायचा नाही, हा नियमच आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

विजयादशमी. पाटावरून डावीकडची डिस्क पहिल्या खाचेत घातली, उजवीकडची दुसऱ्या. यंत्र सुरू केले. पेटी उघडली, दोन्ही प्रती शंभर टक्के. फायली मोजल्या, काल मोजल्या होत्या तेवढ्याच. खूप हलके वाटले. उगाच घाबरलो होतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज जुनी डिस्क वेगळी केली.

ह्याचा सोपा मार्ग असा की यंत्राला सांगायचे, अमुक डिस्कवरची प्रत सोडून दे. यंत्र सोडते, आणि ती प्रत मग कोणाची नसते, पुन्हा उघडता येत नाही. मी तशी ओळ लिहिली आणि खोडली. प्रत आजारी डिस्कवरची का असेना, ती आपल्या हाताने सोडून द्यायची हे मला जमले नाही. दुसरा मार्ग लांबचा आहे. त्यात जोडी फोडून दुसऱ्या प्रतीला स्वतःचे नाव देता येते:

lvconvert --splitmirrors 1 --name juna pattu/design /dev/sdb

म्हणजे एका पेटीच्या दोन पेट्या. "जुना" नावाची पेटी बंद केली, तिचा वेगळा गट केला आणि मग पहिल्या खाचेतली डिस्क बाहेर ओढली. पवित्राने विचारले की एवढा लांबचा मार्ग कशाला. मी म्हणालो, असू दे. ती म्हणाली, तुमचं सगळं असंच असतं, आणि हसली. रागाने नसावी.

डिस्क मामांना दाखवली. मला ती कपाटात ठेवायची होती. मामांनी ती दोन्ही हातांत घेतली. म्हणाले, सात वर्षे हिने घर चालवले, देवीपुढे बसली, ती आता भंगारवाल्याच्या पायाखाली जाणार नाही. कावेरीत सोडायची.

मी म्हणालो, थोडे दिवस राहू दे, काही लागले तर. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, बरे, सूर्य तुळेत जाऊन तुळा महिना लागला की पहिल्या दिवशीच्या कावेरीस्नानाला नेतो, तो दिवस जास्त चांगला. तोपर्यंत ती देवघरात राहील. मामी रोज तिच्यावर एक फूल ठेवतात.

९ ऑक्टोबर, गुरुवार

टक टक. अगदी हळू. आजारी डिस्क तर बाहेर गेली, तेव्हा हा पंखा असणार. पंख्याची धूळ काढली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मयूर-काठ पूर्ण झाला. पवित्राने मोरांच्या माना मामांच्या वडिलांच्या मूळ रेषेवर आणल्या आहेत. मला नक्षीतले कळत नाही, पण हा काठ पाहिला की पाहत राहावेसे वाटते. गुरुमूर्ति पेनड्राइव्ह घेऊन लगेच गेले. जाताना मला म्हणाले, "पंख्याचा आवाज कसा आहे, तंबी? औषध दिलंस?" मी दोन दिवसांपूर्वी दुसरा पंखा बसवला हे त्यांना कोणी सांगितले कळत नाही.

नवा पंखाही आवाज करतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सावकाश आणि क्रमाने लिहितो.

सकाळी आलो तर पवित्रा उभी होती. एक फाइल उघडत नव्हती. मी दुसरी उघडली, तीही नाही. मग सगळी पेटीच गेली. यंत्र जोराने टक टक करत होते आणि ह्या वेळी मी कान लावून ऐकले. आवाज डिस्कमधून येत होता.

नवीन डिस्क तीन आठवड्यांत कशी मरते, म्हणून मी तिलाच विचारले. प्रत्येक डिस्क आपण किती चाललो ते स्वतः सांगू शकते. मरता मरता तेवढे तिने सांगितले. तीन आठवडे नव्हेत. सात वर्षे.

मी ते आकडे पुन्हा वाचले. मग खाली बसलो, खुर्ची नव्हती तिथे.

पवित्रा काय झाले विचारत राहिली. मी तिला सांगितले की आत जुनी डिस्क आहे. बाहेर काढली ती नवी. पूजेनंतर मी डिस्क उलटसुलट घातल्या असणार, कशा ते मला अजूनही कळत नव्हते, आणि यंत्राने काही तक्रार केली नाही, कारण ते डिस्क खाचेवरून नव्हे, डिस्कच्या अंगावरच्या खुणेवरून ओळखते. sdb हे नाव फक्त त्या खाचेतल्या पाहुण्याचे होते. माझ्या ओळीत एक अक्षर चुकले नव्हते.

पवित्राने हात हवेत अर्धा फिरवून पाहिला. मग म्हणाली, "मामींनी पाट फिरवला होता. कात्रीसाठी."

तेव्हा मला दिसले. आणि त्याच वेळी आज कोणता दिवस आहे तेही आठवले. तुळा महिन्याचा पहिला.

मामांच्या शेजारच्या घरात मामी एकट्याच होत्या. देवघराच्या त्या जागी फूल होते, डिस्क नव्हती. मामा स्नानाला जाऊन बराच वेळ झाला होता. गुरुमूर्ति नेमके तेव्हाच मोपेडवरून उतरत होते. मी त्यांच्या हातातून किल्ली घेतली. मी आजवर कोणाच्या हातातून काही घेतलेले नाही. त्यांनी ती घेऊ दिली ह्याचे मला आता नवल वाटते.

कावेरीला पाणी भरपूर होते. पायऱ्यांवर गर्दी. मामा पाण्यात दिसले नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे फक्त ते तपकिरी पाणी होते आणि त्याच्या तळाशी सगळे मोर.

मग आवाज ऐकू आला. एक म्हातारी बाई, कमरेपर्यंत भिजलेली, कोणाला तरी तमिळमधून झापत होती. परवा कोणी काचेची चौकट टाकली, आज ह्यांचे लोखंड, उद्या मिक्सर आणतील. लोकांचे पाय आहेत की नाहीत. तिच्यासमोर खालच्या पायरीवर ओल्या वेष्टीत, आमच्या इकडच्या धोतरात, हनुमंतरावमामा बसले होते, मांडीवर साडीची प्लास्टिकची पिशवी घेऊन, शाळेत उभे केलेल्या मुलासारखे तोंड करून.

मामा तिला समजावत होते की हे लोखंड नव्हे, ही सरस्वती आहे.

ती म्हणाली, "सरस्वती असेल तर घरात ठेवा. आमच्या पायात कशाला?"

मी तिथेच ओल्या पायरीवर बसलो. पिशवीला हात लावला. आतून कोरडी होती. मामींनी डिस्क उघडी पाठवायची नाही म्हणून साडीच्या पिशवीत घालून वर गाठ मारली होती. मला रडू आले आणि ते थांबेना. म्हातारी मामांना म्हणाली, बघा, तुमच्या पोरालाही पटलंय.

मग मी मामांना सगळे सांगितले, काही न वगळता. चूक माझी, चिठ्ठ्या पुन्हा लावायच्या होत्या, विचारायचे होते, डिस्क किती तास चालली ते आधीच बघायचे होते. आतली डिस्क गेली. जे आहे ते ह्या पिशवीत आहे, असेल तर. मामांनी माझे बोलणे मध्येच थांबवले. एकच गोष्ट विचारली.

"अप्पांचे काठ ह्यांत आहेत?"

मी म्हणालो, असायला पाहिजेत.

त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली नाही. स्वतःच छातीशी धरून मोपेडवर मागे बसले. ओल्या वेष्टीने माझी पाठ भिजली. खड्डा आला की ते पिशवी वर उचलायचे आणि मला म्हणायचे, हळू, हळू. बाजारात दीपावळीची गर्दी होती आणि सगळे आमच्याकडे बघत होते.

केंद्रात मी देवघरात दातांवर लागलेले गंध मऊ ब्रशने साफ केले, सुकू दिले, डिस्क खाचेत घातली. "जुना" पेटीचा गट ओळखला गेला. ती मी फक्त वाचण्यासाठी उघडली. पवित्राने ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि मी एक एक अक्षर दाबले.

उघडली. मामांच्या वडिलांचे काठ, सगळे. मी फायली मोजल्या. सहा तारखेपर्यंतच्या सगळ्या होत्या. त्या दिवशी मी सोपा मार्ग घेतला असता तर ही प्रत कोणाचीच नसती.

सहा तारखेनंतरचे काम गेले. मयूर-काठ मात्र गुरुमूर्तींच्या मागावर चढलेला होता. त्यांनी तिथल्या तिथे फोन करून विचारले आणि अंगठा वर केला. बाकीचे बुट्टे पवित्रा रोज संध्याकाळी मला फोटो काढून पाठवत असे, "बघा बरोबर आहे का" म्हणून. मी रंगांची चूक तेवढी कळवायचो. ते सगळे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. त्यावरून ती पुन्हा काढील. एवढे फोटो तिने मलाच का पाठवले कोण जाणे, मला नक्षीतले काही कळत नाही हे तिला माहीत आहे.

मामा पडद्यासमोर उभे राहून एक एक काठ उघडायला सांगत होते. चष्मा नव्हता, म्हणून नाक पडद्याला लागत होते.  संध्याकाळी जाताना म्हणाले, उद्या रविवार असला तरी ये, पवित्रालाही सांगितले आहे.

मला वाटते उद्या हिशेब करून मला काढतील. काढले तरी चालेल. काठ आहेत.

१९ ऑक्टोबर, रविवार

मामा आधीच येऊन बसले होते. पुढ्यात दोन नव्या डिस्क. एक आजची, दुसरी कधीतरी लागेल म्हणून. त्यांनी त्या स्वतः बाजारातून आणल्या आणि दुकानदाराला जुळ्या नकोत, वेगळ्या रंगाच्या दे असे सांगितले. दुकानदाराने त्यांना काय उत्तर दिले ते त्यांनी सांगितले नाही.

मी म्हणालो की आता दुहेरी मांडणी करतो, आणि ह्या वेळी जोडी फोडायची नाही, दोन्ही कायम आत राहतील, एक गेली तर दुसरी चालेल.

मामा म्हणाले, "आणि तुला ताप आला तर?"

मी समजलो नाही. ते म्हणाले, ही ओळ ह्या घरात एकट्या तुलाच येते. हिलाही शिकव. मलाही शिकव, मी विसरून जाईन, पण शिकव.

माझ्या मनात लगेच आले की हे मला काढण्याआधीचे शिकवणे आहे. मी घाबरत घाबरत विचारलेही, दीपावळीनंतर मी येऊ ना? मामांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तमिळही नाही आणि मराठीही नाही अशा कुठल्या भाषेत बोललो आहे. मामी आतून म्हणाल्या, "येऊं नको तर जातोस कुठें? मंगळवारीं जेवायलाच ये."

म्हणून शिकवले. आधी डिस्कला तिचे तास विचारायचे. मग तिचा स्वतःचा नंबर, जो पुसून जात नाही. मग नाव. मग पुन्हा नंबर. मामा प्रत्येक वेळी "हं" म्हणत होते. पवित्राने खुर्ची ओढून घेतली आणि ओळ स्वतः लिहिली. एका ठिकाणी जागा सोडायची राहिली. मी सांगण्याआधीच तिने पकडली.

तिने एंटरवर बोट ठेवले आणि थांबली. "भीती वाटते," ती म्हणाली.

मी म्हणालो, मला रोज वाटते.

तिने दाबले. टक्के वर जाऊ लागले. मामा थोडा वेळ बघून देवघरात गेले. मामींनी अधिरसम, दीपावळीचे गुळाचे अनारसे, आणून ठेवले. आम्ही दोघे खात बसलो. तिने तिच्या धाकट्या भावाच्या फटाक्यांबद्दल काही सांगितले, मी माझ्या चोळपुरम्च्या बसबद्दल. मधे बराच वेळ मी पडद्याकडे पाहिलेच नाही, हे माझ्या नंतर लक्षात आले.

शंभर झाले तेव्हा तिनेच सांगितले. दोन्ही प्रती सारख्या. मी नंबर तपासले, तिने तपासले.

"आता काय करायचं?" तिने विचारले.

मी विचार केला. खरोखर सगळा विचार केला, डिस्क, खाचा, पंखा, वीज.

"काही नाही," मी म्हणालो. आणि आणखी एक अधिरसम घेतले.